बेसा भागातली कमी भरलेली सळई: पोलाद मंत्रालयाचा आदेश साइटपर्यंत कसा पोचतो

हे प्रकरण एखाद्या विशिष्ट दुकानाचं किंवा मिलचं नाही. नागपूरच्या बांधकाम बाजारात जे वारंवार घडतं त्यावरून ते उभं केलं आहे. मानकातल्या मर्यादा आणि कायद्यातल्या तरतुदी मात्र जशा आहेत तशाच दिल्या आहेत, आणि हिशेब कोणालाही कागदावर पुन्हा मांडून पाहता येईल.

बेसा भागात पार्किंगवर चार मजले अशी एक इमारत चालू होती. ठेकेदारानं इतवारीतल्या लोहा ओळीतल्या व्यापाऱ्याकडे १२ मिमी सळईची ऑर्डर दिली. ग्रेड (ताकदीची प्रत) एफई ५००डी. १८० बंडल, बंडलात ५ नग, नग १२ मीटरचा, म्हणजे ९०० नग आणि १०,८०० मीटर. बिल झालं सेक्शन वजनावर, म्हणजे काट्यावर न घालता मीटरमागच्या ठरलेल्या वजनानं हिशेब करून, ९,५९० किलो, दर किलोला ५५ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. ट्रक सकाळी आला. सोबत व्यापाऱ्याच्याच गोदामाजवळच्या काट्याची पावती होती. मुकादमानं बंडल मोजून घेतले, संख्या बरोबर भरली, माल उतरला. दुसऱ्या दिवशी बार बेंडरनं (सळई कापून बांधणाऱ्या कामगारानं) कापायला सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी साइट इंजिनिअरनं एक मीटरचा तुकडा कापून एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. काट्यानं दाखवलं ८२६ ग्रॅम. तो तुकडा भरायला हवा होता ८८८ ग्रॅम. तोपर्यंत २०७ नग कापून झाले होते.

एका मीटरचं वजन

सळईच्या व्यासाचा वर्ग करून १६२ नं भागला की मीटरमागे किलो मिळतात. १२ गुणिले १२ म्हणजे १४४, भागिले १६२, म्हणजे ०.८८८. मुळात हे गणित येतं ते सळईच्या आयएस १७८६ या भारतीय मानकातून. त्यात एक चौरस मिमी छेदाच्या सळईचं वजन मीटरला ०.००७८५ किलो धरलेलं आहे. याच सूत्रानं ८ मिमीचं ०.३९५, १० मिमीचं ०.६१७, १६ मिमीचं १.५८ आणि २० मिमीचं २.४७ किलो येतं. साइटच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवावेत असे हे आकडे आहेत.

वर्नियर कॅलिपर लावून सळईची जाडी मोजणारे बरेच दिसतात. रिबच्या (अंगावर उठलेल्या कडांच्या) सळईवर त्याचा उपयोग होत नाही. रिबवर धरलं तर १३ च्या पुढे दाखवतं, दोन रिबच्या मधे धरलं तर साडेअकराच्या आसपास, आणि दोन्ही वाचनं चांगल्या मालावरही येतात. तेवढ्याच वजनाची गुळगुळीत गोल सळई असती तर तिचा जो व्यास असता, तो म्हणजे नाममात्र व्यास. म्हणून वजन हेच माप.

नमुना घेतानाही चुका होतात. तुकडा किमान अर्धा मीटर असावा असं मानक सांगतं, एक मीटर घेतला तर उत्तम. टोकं कटर मशीननं काटकोनात कापावीत. शिअरनं (कात्रीसारख्या यंत्रानं) तोडलेलं टोक दबून तिरकं होतं आणि लांबी नीट मोजता येत नाही. लांबी पोलादी टेपनं मिमीपर्यंत मोजून लिहावी, कारण ३ मिमीची चूक म्हणजे ०.३ टक्के. गंजाची सुटी पापडी तारेच्या ब्रशनं झाडून टाकावी. आणि पाच तुकडे पाच वेगवेगळ्या बंडलांतून घ्यावेत. एकाच नगाचे पाच तुकडे केले तर तो एकच नमुना होतो, हे फार जण विसरतात.

बेसाच्या साइटवर पाच बंडलांतून पाच तुकडे निघाले. वजनं आली ८२६, ८३१, ८२९, ८४० आणि ८२२ ग्रॅम. सरासरी ८२९.६ ग्रॅम, म्हणजे ६.६ टक्के कमी.

मानक थोडी सूट देतं आणि ती व्यासानुसार बदलते. १० मिमीपर्यंत पूर्ण बॅचच्या सरासरीला ७ टक्के वर-खाली चालतं, एकेका नमुन्याला ८ टक्क्यांपर्यंत कमी चालतं. १० च्या वर १६ मिमीपर्यंत बॅचला ५ आणि एकेका नमुन्याला उणे ६. १६ च्या वर बॅचला ३ आणि नमुन्याला उणे ४. म्हणजे १२ मिमीच्या बॅचची सरासरी ८४४ ग्रॅमच्या खाली जायला नको आणि कोणताही एक तुकडा ८३५ च्या खाली नको. इथं सरासरी नापास, आणि पाचांपैकी चार तुकडेही नापास.

पाच तुकड्यांवर भांडण टिकत नाही, हे ठेकेदाराला माहीत होतं. न कापलेले ६९३ नग दुसऱ्या ट्रकमध्ये भरून तिऱ्हाईत धर्मकाट्यावर नेले. रिकामा ट्रक आणि भरलेला ट्रक एकाच काट्यावर, त्याच तासात, ड्रायव्हर दोन्ही वेळा खाली उतरवून. निव्वळ वजन ६,९०० किलो भरलं. काटा १० किलोच्या टप्प्यानं वजन दाखवत होता, त्यामुळे चूक फार तर दीड-दोन हजारांश. तुकड्यांच्या सरासरीनं हिशेब ६,८९९ येत होता. शंका उरली नाही. पूर्ण ९०० नगांचं वजन ८,९६० किलो, बिल ९,५९० चं. ६३० किलो लोखंड आलंच नव्हतं. ३४,६५० रुपये, जीएसटी धरून ४०,८८७.

नगावर घ्यावं की काट्यावर

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो, ‘नगावर घेऊ नका, काट्यावर घ्या.’ पैशापुरता तो बरोबर आहे, पण अर्धाच आहे.

मिल व्यापाऱ्याला माल वजनावर विकते. व्यापारी नगावर, सेक्शन वजन लावून विकतो, तेव्हा हलक्या सळईतला फरक त्याच्या खिशात राहतो. म्हणून बाजारात हलक्या सेक्शनला मागणी असते. रोलिंगमध्ये ते साधणं अवघड नसतं. शेवटच्या स्टँडच्या, म्हणजे सळईला शेवटचा आकार देणाऱ्या, दोन रोलमधलं अंतर किंचित कमी ठेवलं की सळई उणे बाजूला येते. नव्या कोरलेल्या खाचेतून निघणारी सळई हलकी असते, खाच झिजत जाते तसं वजन वाढत जातं. एकाच मिलचा माल दोन महिन्यांनी वेगळा भरतो त्याचं एक कारण हे.

आता तोच हलका माल काट्यावर घेतला असं धरा. पैसे बरोबर गेले, शिवाय टनामागे मीटर जास्त मिळाले. ठेकेदार खूश. पण ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं ‘१२ मिमी, १५० मिमी अंतरावर’, आणि बार बेंडर नग मोजून जाळी बांधतो, वजन करून नाही. स्लॅबमध्ये प्रत्येक सळईमागे लोखंड कमी पडतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. नगावर घेतला तर खरेदीदार फसतो, काट्यावर घेतला तर इमारत फसते. म्हणून बिल काट्यावर करायचं आणि सेक्शनही तपासायचं, दोन्ही. मर्यादेत बसणारी चार-साडेचार टक्के तूटही सेक्शन वजनाच्या बिलात खरेदीदाराच्याच माथी येते. मानकातली सूट उत्पादनासाठी आहे, बिलासाठी नाही.

लोखंड किती कमी पडलं? १२ मिमीचा छेद ११३.१ चौरस मिमी. या मालाचा ०.८२९६ भागिले ०.००७८५, म्हणजे १०५.७. याच इमारतीत ३०० बाय ३७५ चे कॉलम होते, प्रत्येकात १२ मिमीच्या ८ सळया. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे कॉलममध्ये उभं लोखंड छेदाच्या किमान ०.८ टक्के लागतं, म्हणजे इथं ९०० चौरस मिमी. पूर्ण वजनाच्या ८ सळया ९०५ देतात, जेमतेम बसतं. या सळया ८४५ देतात, ०.७५ टक्के. डिझाइन काठावर असलं की साडेसहा टक्के फार असतात.

टॅग, सर्टिफिकेट आणि प्रयोगशाळा

वजन हा दोषाचा एक भाग झाला. इंजिनिअरनं मग बंडलांचे टॅग गोळा केले. टॅगवर आयएसआय चिन्ह होतं, आयएस १७८६, ग्रेड, हीट नंबर (एका वितळणीचा क्रमांक) आणि ‘सीएम/एल’ नं सुरू होणारा परवाना क्रमांक. सळईवर मिलचा ब्रँड आणि ग्रेडही उठलेला होता. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये परवाना तपासायची सोय आहे, क्रमांक टाकला की उत्पादकाचं नाव, पत्ता, मानक आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. परवाना चालू होता. इथं बहुतेक लोक थांबतात. परवाना चालू आहे म्हणजे मिलला चिन्ह लावायचा अधिकार आहे. समोरचा ढीग मानकात बसतो, असं त्यावरून ठरत नाही.

व्यापाऱ्यानं दिलेलं मिल टेस्ट सर्टिफिकेट झेरॉक्स होतं. त्यात तीन हीट होत्या आणि तिन्हींचं कार्बन, गंधक, फॉस्फरस दुसऱ्या-तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत एकसारखं. तीन वेगळ्या वितळणींचं रसायन असं तंतोतंत जुळत नाही. शिवाय साइटवरच्या टॅगांवर सर्टिफिकेटमधली एकच हीट सापडली. बाकीच्या बंडलांना लागू पडणारं सर्टिफिकेटच नव्हतं.

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत तीन नमुने गेले. अहवाल नीट वाचला नाही तर तो खरेदीदाराच्याच विरोधात वापरला जातो, म्हणून थोडं थांबून पाहू.

ताणचाचणीत सळई ५५.६ किलोन्यूटनला यील्ड झाली, म्हणजे कायमची ताणली जाऊ लागली. अहवालात यील्ड स्ट्रेस लिहिला ५२६ मेगापास्कल, किमान ५०० हवा, पास. अंतिम ताण ५९७, किमान ५६५ हवा आणि यील्डच्या किमान १० टक्के वर हवा, तोही पास. लांबण्याचं प्रमाण १७ टक्के, किमान १६ हवं, पास. व्यापाऱ्यानं हेच तीन ‘पास’ पुढे केले.

पण ५२६ हा आकडा येतो ५५.६ किलोन्यूटनला १०५.७ नं भागून, म्हणजे सळईच्या वजनावरून काढलेल्या खऱ्या छेदानं. मानकाची पद्धत तीच आहे आणि प्रयोगशाळेनं चूक केलेली नाही. ड्रॉइंगमध्ये मात्र इंजिनिअरनं ११३.१ चौरस मिमी धरलेले असतात. तोच भार ११३.१ नं भागला तर ४९२ येतात. ताणचाचणी धातू किती ताकदीचा आहे ते सांगते, सळई किती जाड आहे ते सांगत नाही. म्हणून प्रयोगशाळेला नमुने देताना ‘मीटरमागे वजन’ ही चाचणी वेगळी लिहून मागावी लागते. बेसाच्या अहवालात ती होती, आणि त्या ओळीपुढे ‘नापास’ होतं.

दुसरं नापास रसायनात निघालं. फॉस्फरस ०.०५२ टक्के. एफई ५००डी ला मर्यादा ०.०४०, तयार सळईच्या विश्लेषणात आणखी ०.००५ ची सूट धरली तरी ०.०४५. गंधक ०.०३८ ठीक, पण दोघांची बेरीज ०.०९०, आणि तिथं मर्यादा सुटीसह ०.०८५. साध्या एफई ५०० ला फॉस्फरस ०.०५५ पर्यंत चालतो. म्हणजे माल रसायनानं ५०० चा होता आणि त्यावर ५००डी उठवलेलं होतं. ‘डी’ म्हणजे डक्टिलिटी, न तुटता ताणलं जाण्याचा गुण, आणि त्याचे पैसे बाजार वेगळे मोजून घेतो.

फॉस्फरस येतो कुठून? दुय्यम पोलाद उद्योगात स्पंज आयर्न आणि भंगार इंडक्शन भट्टीत वितळवतात. फॉस्फरस काढायला चुन्याची, क्षारधर्मी मळी (स्लॅग) लागते, आणि या भट्ट्यांचं अस्तर बहुधा सिलिकाचं, आम्लधर्मी असतं. त्यात तशी मळी चालवता येत नाही. त्यामुळे कच्च्या मालात जेवढा फॉस्फरस, जवळपास तेवढाच बिलेटमध्ये (ज्यातून सळई लाटतात त्या ओतीव ठोकळ्यात) उतरतो. रोलिंगमध्ये किंवा पाण्याच्या क्वेंचिंगमध्ये (तापलेली सळई झटकन थंड करण्यात) तो कमी होत नाही. क्वेंचिंग बाहेरचं कडं कडक करतं, आतला गाभा मऊ ठेवतं आणि ताकदीचे आकडे मिळवून देतं. म्हणूनच ताणचाचणी पास आणि रसायन नापास असा निकाल एकाच कागदावर येऊ शकतो.

मंत्रालयाकडे गेलेली तक्रार

अहवाल हातात आल्यावर ठेकेदारानं केंद्राच्या सीपीग्राम्स या तक्रारींच्या पोर्टलवर पोलाद मंत्रालयाच्या नावानं तक्रार टाकली. सळईच्या दर्जाचा आदेश मंत्रालयानंच काढलेला आहे, तेव्हा हे स्वाभाविक होतं. काही आठवड्यांनी उत्तर आलं की तक्रार भारतीय मानक ब्युरोकडे पाठवली आहे. तोवर व्यापाऱ्याच्या गोदामातला त्या हीटचा माल विकला गेला होता.

कोण काय करतं हे इथं सरळ सांगायला हवं. पोलाद मंत्रालय दिल्लीत बसतं. सळईपासून पत्र्यापर्यंतच्या पोलादी वस्तूंवर मानक चिन्ह सक्तीचं करणारे गुणवत्ता नियंत्रण आदेश ते काढतं, आणि त्याचा आधार आहे भारतीय मानक ब्युरो कायदा, २०१६ चं कलम १६. २०२५ च्या मध्याला या आदेशांखाली दीडशेच्या आसपास मानकं होती, आयएस १७८६ त्यातलंच. कलम १७ प्रमाणे अशी वस्तू चिन्हाशिवाय बनवता, आणता, विकता येत नाही. १३ जून २०२५ च्या आदेशानं मंत्रालय उत्पादनाच्या साखळीत आणखी एक पाऊल मागे, मधल्या मालापर्यंत गेलं. शेवटची वस्तू मानकात बसते एवढ्यावर भागणार नाही, ती ज्या मधल्या मालापासून बनली तोही मानकात बसला पाहिजे. वर सांगितलेला बिलेटमधला फॉस्फरस आठवला की यामागचा विचार कळतो.

पण परवाना देणं, मिलमध्ये तपासणीला जाणं, बाजारातून नमुना उचलणं, परवाना थांबवणं ही सगळी कामं ब्युरोची. आणि ब्युरो पोलाद मंत्रालयाखाली नाही, ग्राहक व्यवहार विभागाखाली आहे. मंत्रालयाकडे नागपूरच्या गोदामात पाठवायला निरीक्षक नाही.

गैरसमजाला जुनी कारणं आहेत. १९९२ च्या जानेवारीपर्यंत मोठ्या कारखान्यांच्या पोलादाची किंमत आणि वाटप सरकारच्या नियंत्रणात होतं. १९६४ साली नेमलेली जॉइंट प्लांट कमिटी ते काम पाहत असे. लोखंडाच्या बाजारात मंत्रालयाचा शब्द शेवटचा, ही समजूत त्या काळातली. नागपुरात आणखी एक गोष्ट आहे. काटोल रोडवरचं मॉयल भवन. मॉयल ही पोलाद मंत्रालयाच्याच अखत्यारीतली कंपनी, १८९६ पासूनची परंपरा सांगणारी, बालाघाट, डोंगरी बुजुर्ग, चिखला, मनसर, गुमगाव इथल्या खाणींतून मॅंगनीज काढणारी. सळईच्या तक्रारी तिथं विचारायला जाणारेही असतात. मॅंगनीज पोलादात लागतं हे खरं, पण सळईच्या दर्जाशी त्या कार्यालयाचा काही संबंध नाही.

योग्य रस्ता आखूड होता. ब्युरोचं शाखा कार्यालय नागपुरातच आहे. बीआयएस केअर ॲपमध्ये तक्रारीचा वेगळा भाग आहे. तिथं परवाना क्रमांक, हीट नंबर, टॅगचा आणि सळईवरच्या खुणेचा फोटो, बिल, दोष नेमका कोणता आणि माल आत्ता कुठं पडला आहे, एवढं द्यायचं. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. ग्राहकानं खासगी प्रयोगशाळेत केलेल्या चाचणीवर ब्युरो परवाना रद्द करत नाही. ती चाचणी संशयाला आधार देते. कारवाईसाठी ब्युरोचा अधिकारी स्वतः नमुना उचलतो, सील करतो, स्वतःच्या व्यवस्थेनं तपासतो. नमुना उचलायला माल शिल्लक असावा लागतो, टॅगसकट. बेसाच्या साइटवर ६९३ नग बाजूला ठेवलेले होते म्हणून तो मिळाला. ते वापरून टाकले असते तर तक्रार कागदावरच राहिली असती.

चिन्ह लावलेला माल मानकात बसत नसेल तर ब्युरो परवानाधारकाला विक्री थांबवून माल परत मागवायला सांगू शकतो, आणि कलम ३१ मध्ये भरपाईची तरतूद आहे. चिन्हच नसलेला माल विकणं हा वेगळा, जास्त गंभीर गुन्हा. त्यासाठी कलम २९ मध्ये मूळ कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या वेळी किमान २ लाख रुपये दंड आहे. दोन्ही एकच समजून तक्रारीत ‘बोगस आयएसआय’ लिहून मोकळं होऊ नये. परवाना खरा निघाला की ती तक्रार तिथंच पडते.

व्यापाऱ्याशी हिशेब

ब्युरोची कारवाई मिलवर होते. ठेकेदाराचे पैसे त्यातून लगेच परत येत नाहीत. ते व्यापाऱ्याकडूनच घ्यायचे असतात, आणि तिथं १९३० चा माल विक्री कायदा लागतो. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाला उतरला पाहिजे, ‘१२ मिमी, एफई ५००डी’ हे वर्णनच आहे. खरेदीदाराला माल तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत स्वीकार झाला असं धरत नाहीत. पण मालाचं असं काही केलं की जे विक्रेत्याच्या मालकीशी जुळत नाही, तर स्वीकार झाला. सळई कापणं हे अगदी तसंच कृत्य. त्यानंतर माल परत करता येत नाही, फक्त नुकसानीपोटी किंमत कमी करून मागता येते. म्हणून २०७ नग आणि ६९३ नग यांचा हिशेब वेगवेगळा झाला. कापायच्या आधी अर्धा तास काटा लावला असता तर सगळाच माल परत गेला असता.

परत जाणाऱ्या ६९३ नगांवर खरा वाद पेटला. व्यापारी म्हणाला, काट्यावर ६,९०० किलो भरतं, तेवढ्याचं क्रेडिट देतो. पण विकताना त्यानं तेच नग सेक्शन वजनानं ७,३८५ किलो धरले होते. ४८५ किलोचा फरक, २६,६७५ रुपये. ज्या मापानं दिलं त्याच मापानं परत, हे ठेकेदारानं धरून ठेवलं आणि बिलाची प्रत समोर ठेवल्यावर व्यापाऱ्याला मान्य करावं लागलं. कापलेल्या २०७ नगांचं बिल २,२०५ किलोचं होतं, प्रत्यक्षात २,०६० भरले, तूट १४५ किलो. एकूण ७,५३० किलोची क्रेडिट नोट झाली: ४,१४,१५० रुपये, जीएसटी ७४,५४७, मिळून ४,८८,६९७. क्रेडिट नोट जीएसटीसकटच घ्यावी लागते. नुसती ‘पुढच्या बिलात वळती करू’ अशी तोंडी कबुली घेतली की खरेदीदाराच्या इनपुट क्रेडिटचा घोळ होतो. हमाली आणि परतीचं भाडं मात्र ठेकेदाराच्याच अंगावर पडलं, कारण ऑर्डरमध्ये त्याबद्दल एक ओळही नव्हती.

कापलेल्या सळईचं काय करायचं ते स्ट्रक्चरल इंजिनिअरनं ठरवलं. कॉलम आणि बीममध्ये वापरायला त्यांनी साफ नकार दिला. बेंड आणि रिबेंड (वाकवून पाहण्याच्या आणि वाकवून परत उलट वाकवण्याच्या) चाचण्या करून घेतल्या. ५००डी साठी १२ मिमीला बेंड ३६ मिमीच्या आणि रिबेंड ७२ मिमीच्या मँड्रेलवर (सळई ज्याभोवती वाकवतात त्या गोल दांड्यावर). वाकलेल्या भागाच्या बाहेरच्या अंगाला, रिबच्या मुळाशी भिंगानं पाहिलं, तडा नव्हता. तेव्हा स्लॅबमध्ये वापरायला लेखी परवानगी दिली, पण अंतर १५० वरून १४० मिमी करून. १०५.७ चौरस मिमीची सळई १४० वर बांधली की मीटर रुंदीत ७५५ चौरस मिमी येतात, पूर्ण वजनाची १५० वर ७५४ देते. तुकड्यांची लांबी बदलावी लागली नाही, नग सात टक्के जास्त लागले. कोणत्या पॅनेलमध्ये हा माल गेला ते ड्रॉइंगवर लाल पेन्सिलीनं नोंदवलं. पुढे कोणी त्या स्लॅबला कोअर (भोक पाडून काढलेला काँक्रीटचा नमुना) घेतला किंवा भिंत हलवायला निघाला तर ती नोंद लागेल.

नव्या ऑर्डरवर चार अटी लिहून गेल्या: बिल तिऱ्हाईत काट्याच्या निव्वळ वजनावर, टॅगवरच्या प्रत्येक हीटचं मूळ सर्टिफिकेट, मीटरचं वजन मानकाबाहेर गेलं तर परतीचं भाडं विक्रेत्याचं, आणि साइटवर नमुने तपासेपर्यंत माल स्वीकारला असं धरू नये. व्यापारी दुसरा होता, दर किलोला थोडा जास्त. ट्रक फाटकाबाहेर उभा असतानाच पाच बंडलांतून पाच तुकडे कापले, व्यापाऱ्याच्या माणसाची सही घेतली. ८७१, ८७६, ८६९, ८७८, ८७१. सरासरी ८७३, उणे १.७ टक्के. वीस मिनिटं गेली, मग फाटक उघडलं.